जुन्या कॅमेऱ्याचे माप तपासून घ्या



पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलात, की कर्नाळ्याच्या अलीकडे आमचे शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावचा. तिथल्या आमच्या घरात एक ट्रंक आहे. तिच्यात वीस वर्षे एक जुना जपानी कॅमेरा आणि एक काळवंडलेली स्लाइड पडून होती. स्लाइड माझ्या वडिलांची, २००३ सालच्या भातकापणीची. हातात विळा, डोक्यावर टोपी, बांधावर उभे. विळा दिसतो, चेहरा दिसत नाही. टोपीच्या सावलीत तो नुसता काळा डाग आहे. पुढच्या कापणीला वडील नव्हते.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, माझा होता. गेल्या दिवाळीत पुतणीने तो कॅमेरा बाहेर काढला आणि "काका, हा चालेल का?" असे विचारले. तेव्हा मी तो नीट तपासायला बसलो. तुमच्याही घरी असा कॅमेरा असेल, म्हणून हे सांगतो.

चूक कुठे झाली?

अशा कॅमेऱ्यात उजेड मोजणारा काटा असतो, त्याला लाइट मीटर म्हणतात. काही कॅमेऱ्यांत सेलेनियमची पट्टी असते. तिच्यावर उजेड पडला की तीच वीज तयार करते, सेल लागत नाही. मात्र दमट हवेने आणि वयाने ती मंदावते आणि मग दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. इतर कॅमेऱ्यांत कॅडमियम सल्फाइडचा छोटा डोळा असतो. हा डोळा म्हणजे पाटाचे दार समजा. उजेड जितका जास्त, तितके दार उघडते आणि सेलमधली वीज काट्याकडे वाहते.

आता टाकीतल्या पाण्याची उंची वाढली, तर तेवढ्याच दारातून जास्त पाणी जाईल की नाही? माझ्या हातून तेच झाले. कॅमेरा बनला होता १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी. तो मिळेना, म्हणून मी दीड व्होल्टचा साधा अल्कलाइन सेल घातला. काटा जास्त चढला, कॅमेऱ्याला ऊन वाटले त्याहून जास्त, आणि त्याने भिंगाचे छिद्र गरजेपेक्षा लहान केले. स्लाइडची फिल्म अशी चूक पोटात घालत नाही.

पाऱ्याचा सेल पुन्हा शोधू नका. जपानमधल्या मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून माणसांच्या पोटात गेला. १९५६ साली तो रोग उघडकीस आला. त्याच गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातही पाऱ्याचे सेल बंद करायचे ठरले. जुना सेल सापडला तर उकिरड्यावर किंवा शेतात टाकू नका. तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

त्याऐवजी कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल वापरा. तो सुमारे १.४ व्होल्ट देतो. आकाराने लहान असल्याने भोवती रबरी कडे घालावे लागते. वरचा कागद काढला की तो हवा घेऊ लागतो आणि दोन-तीन महिन्यांत संपतो, म्हणून कामाच्या वेळीच कागद काढा.

साफसफाई

सेलच्या खोबणीत पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर काडीला कापूस गुंडाळा, व्हिनेगरमध्ये जेमतेम ओला करा आणि पुसा. थेंब आत जाऊ देऊ नका. मग कोरड्या कापसाने पुसून पत्रा खोडरबराने हलकेच घासा. तरीही काटा हलत नसेल, तर आतली तार गंजून तुटलेली असू शकते. ती डाग देऊन जोडता येते, पण हे काम जाणत्या कारागिराचे. काटा केसासारखा नाजूक असतो. वरचे झाकण स्वतः उघडू नका.

माप कसे तपासावे?

फवारणीआधी आपण पंपात साधे पाणी भरून ठराविक जागेला किती लागते ते बघतो ना? तसेच हे. आधी उन्हात बघा. आकाश निरभ्र, सावलीची कड स्पष्ट, वेळ दहा ते तीनच्या दरम्यानची. १०० गतीच्या फिल्मला तेव्हा सेकंदाचा १/१२५ भाग आणि १६ नंबरचे छिद्र हे जवळजवळ बरोबर माप असते. रंग न दिलेल्या सिमेंटच्या भिंतीकडे कॅमेरा धरा आणि काटा काय सांगतो ते वहीत लिहा.

मग पडवीच्या सावलीत आणि शेवटी घरात खिडकीजवळ हेच करा. या दोन ठिकाणी मोबाईलवरच्या लाइट मीटरशी ताडून पाहा. तिन्ही ठिकाणी चूक सारखीच असेल तर उपाय सोपा. काटा एक पायरी जास्त उजेड दाखवत असेल, तर फिल्मच्या गतीची चकती १०० ऐवजी ५० वर ठेवा. चूक दर ठिकाणी वेगळी असेल तर चकतीने भागणार नाही, कारागीर गाठा.

आणखी एक. काटा बरोबर असला तरी त्याला सारे जग करडेच वाटते. चुन्याची भिंत तो मळकी करतो, काळी म्हैस फिकी करतो. म्हणून माणसाचा फोटो काढताना चेहऱ्याजवळ जाऊन तिथला उजेड मोजा. २००३ साली मी तेवढे जरी केले असते, तरी बरेच वाचले असते.

१९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना एकेक चित्र टिपून दाखवला. तेव्हा विजेवर चालणारा असा काटा नव्हताच. उजेड डोळ्यांनीच जोखायचा. सावली बघून वेळ सांगणाऱ्या आपल्या माणसांना ही विद्या अवघड नाही. काट्याबरोबर डोळाही तयार ठेवा.

आता रोल महाग झाला आहे, म्हणून चुकून चालत नाही. माप जुळवल्यावर पहिला फोटो मी आईचा काढला, पडवीत तांदूळ निवडताना. रोल धुऊन आला. कपाळावरची आठीन् आठी दिसते. आई तो हातात घेऊन बराच वेळ बसली, मग म्हणाली, "ह्यांचाही असाच हवा होता."

तुमच्या घरचे थोरले आज समोर बसलेले आहेत. ट्रंक आजच उघडा.