अर्धवट राहिलेलं काम लक्षात ठेवणारं ॲप्ट

वऱ्हाडातल्या दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या विद्यार्थ्यानं कापूस, तूर, हरभऱ्याचे रोजचे भाव दाखवणारं पान स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं मनावर घेतलं, तर त्याला महागडं यंत्र लागत नाही. जुना संगणक, त्यावर डेबियन लिनक्स आणि काळ्या पडद्यावर एक ओळ पुरते : 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल अपाची२'. थोड्याच वेळात सर्व्हर आपोआप सुरू होतो आणि ब्राउझरमध्ये त्याचं स्वागताचं पान उघडतं.

या ओळीमागे बरंच काही घडतं. अपाची या वेब सर्व्हरला आणखी कोणकोणती पॅकेजं लागतात हे डेबियनचं ॲप्ट हे साधन शोधतं आणि ती सगळी उतरवून घेतं. मग त्यांचे हॅश डेबियनच्या डिजिटल सहीखालच्या यादीशी ताडून पाहतं. वाटेत कुणी फाइल बदलली असेल, तर ती इथंच अडते. प्रत्यक्ष बसवण्याचं काम डीपीकेजी हे त्याच्या हाताखालचं साधन करतं.

इयान मर्डॉकनं डेबियनची घोषणा १९९३च्या ऑगस्टमध्ये केली. त्यानंतर काही वर्षं डीपीकेजी होतं, पण एका पॅकेजमागून दुसरं शोधत बसण्याचा त्रास वापरणाऱ्यालाच होता. १९९९ साली 'स्लिंक' या आवृत्तीबरोबर ॲप्ट आलं आणि तो भार यंत्रानं उचलला. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे.

वऱ्हाडातल्या माणसाला मात्र ॲप्टचा खरा गुण कळतो तो वीज गेल्यावर. डाउनलोड मध्येच तुटलं, तर उतरलेला भाग 'पार्शल' नावाच्या फोल्डरमध्ये राहतो आणि पुढच्या वेळी काम बहुतेकदा तिथूनच सुरू होतं. पॅकेज बसवतानाच अंधार झाला, तर? कोणतं पॅकेज नुसतं उलगडलं आणि कोणतं पुरतं बसलं, याची नोंद डीपीकेजी डिस्कवर ठेवत असतं. वीज आली की 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा द्यायची. राहिलेलं काम ते बहुतेकदा स्वतः पुरं करतं. इन्व्हर्टर नसलेल्या खोलीत सर्व्हर चालवणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

सर्व्हर बसवणं सोपं आहे, सांभाळणं हेच खरं काम, आणि तिथंही डेबियनच्या मंडळींनी विचार केलेला दिसतो. प्रत्येक संकेतस्थळाची मांडणी 'साइट्स-अव्हेलेबल'मध्ये लिहायची, 'ए२एनसाइट'नं चालू करायची, 'ए२डिससाइट'नं बंद. लिहिलेलं बरोबर आहे का, हे 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' सांगतं. ही तपासणी न करता सर्व्हर पुन्हा सुरू करू नये. एका चुकलेल्या ओळीपायी तो उठतच नाही. पुढे कधी अपाची अद्ययावत होताना आपण बदललेली फाइल आड आली, तर ॲप्ट ती परस्पर पुसत नाही. तुमची ठेवू की नवी घेऊ, असं थांबून विचारतं. नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते. काढून टाकतानाही तीच काळजी : 'रिमूव्ह' म्हटलं तर मांडणीच्या फाइली शाबूत राहतात, 'पर्ज' म्हटलं तरच त्याही जातात.

एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या संपर्क गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली 'हार्टब्लीड' ही त्रुटी उघड झाली आणि जगभरचे अनेक सर्व्हर उघडे पडले. डेबियननं तातडीनं दुरुस्त पॅकेज दिलं. तेव्हाच्या आज्ञेत 'ॲप्ट-गेट अपडेट', मग 'ॲप्ट-गेट अपग्रेड', आणि सर्व्हर पुन्हा सुरू करणं, बड्या कंपनीला आणि घरच्या संगणकाला पावलं तीच होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत अशी दुरुस्ती शक्यतो पॅकेजच्या जुन्याच आवृत्तीत बसवून मिळते, त्यामुळे चालू पान मोडण्याची भीती कमी. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे पॅकेज बसवून चालू केलं की सुरक्षेचे बदल रोज आपोआप येतात.

इंटरनेटच्या एकाच लाइनवर वीस संगणक असलेल्या कॉलेजच्या लॅबसाठी 'ॲप्ट-कॅशर-एनजी' आहे. त्यातल्या एका संगणकावर ते बसवायचं आणि बाकीच्यांवर एका छोट्या फाइलीत त्याचा पत्ता व ३१४२ हा पोर्ट लिहायचा. मग एकदा उतरलेलं पॅकेज लॅबमधल्या इतर संगणकांना पुन्हा बाहेरून आणावं लागत नाही.