पूरसूचना, तत्काल
पूरसूचना, तत्काल : नदीची पाणीपातळी, पाणलोट क्षेत्रातील पाऊस व धरणांतील विसर्ग यांच्या नोंदी मोजमाप होताच, निवेदनाच्या ठराविक वेळेची वाट न पाहता, संबंधितांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात तिची खरी कसोटी सातारा व सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठी लागते.

कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. कराड येथे तीस कोयना आणि सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते. कोयना धरणाची साठवणक्षमता सु. १०५ अब्ज घनफूट असून तेथून सोडलेले पाणी सांगलीस पोहोचण्यास सु. एक दिवस लागतो. हा अवधी हेच पूरसूचनेचे भांडवल होय. तो पुरता हाती लागतोच असे मात्र नाही. कारण धरणाखालच्या प्रदेशात पडलेला पाऊस कोणत्याही दरवाजातून मोजून येत नाही आणि ओढ्यानाल्यांवाटे तो लवकरच नदीत उतरतो. केवळ विसर्गाच्या आकड्यांवरून सांगलीचा अंदाज बांधणे त्यामुळे फसवे ठरते.

पूर्वी मोजपट्टी डोळ्यांनी वाचून नोंद दूरध्वनीने वा बिनतारी यंत्रणेने कळविली जाई. पुढे जलसंपदा विभागाने कृष्णा व भीमा खोऱ्यांत स्वयंचलित पर्जन्यमापके व पातळीमापके बसविली. अशा ठाण्यांकडून माहिती मिळविण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत केंद्र ठराविक अंतराने ठाण्याकडे विचारणा करते. नदी स्थिर असता बहुतेक विचारणा व्यर्थ जातात आणि ती चढू लागली, की नेमका बदल दोन विचारणांच्या मध्ये घडून जातो. दुसरीत पातळी ठरावीक प्रमाणात बदलताच ठाणे आपण होऊन संदेश पाठविते. ही रीत अधिक त्वरित असली, तरी तीत एक धोका आहे : गप्प असलेले ठाणे नदी शांत म्हणून गप्प आहे, की विद्युत्‌घट निकामी झाला म्हणून, हे केंद्रास कळत नाही. यास्तव बदल नसतानाही ठाण्याने अधूनमधून आपण चालू असल्याचे कळवावे लागते.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट मानली जाते. २००५ मध्ये तेथे पाणी ५३ फुटांवर, २०१९ मध्ये ५७ फुटांवर व २०२१ मध्ये ५४ फुटांवर गेले. तथापि सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर यांसारख्या सखल वस्त्यांत धोका पातळी गाठण्यापूर्वीच पाणी शिरू लागते. पुलाजवळची पातळी किती फूट झाली म्हणजे आपल्या उंबऱ्यास पाणी लागते, हे ज्या घरास माहीत आहे त्यासच त्या आकड्याचा उपयोग होतो. शिवाय प्रत्येक आकड्यासोबत तो मोजल्याची तारीख व वेळ असणे अत्यावश्यक होय. चढत्या पुरात सहा तासांपूर्वीचा आकडा हातोहात फिरत राहिला, तर तो अज्ञानाहूनही घातक ठरतो, कारण त्यावर विसंबून लोक घरातच थांबतात.