१९६७ : अडीचशेच्या वर्गाचा हंगाम

१९६७ च्या जागतिक मोटारसायकल शर्यतींचा हंगाम आठवला की बहुतेक लेखक पाचशे सीसीच्या वर्गातच मुक्काम ठोकतात आणि अडीचशेच्या वर्गाची चार ओळींत बोळवण करतात, ही माझी जुनी तक्रार आहे. आणि ज्या विद्वानांनी या वर्गाला ‘कारखानदारांची खेळणी’ म्हणून हिणवले, त्यांच्याशी माझे भांडण अद्याप मिटलेले नाही.

लहान वर्गांचा हिशेब थोडक्यात उरकतो. मागल्या सालीच होंडाने त्यांतून अंग काढून घेतल्यामुळे पन्नास सीसीत सुझुकीवरील आन्शाइट व सव्वाशेत यामाहावरील बिल आयव्ही यांचे अजिंक्यपद फारसे संशयात नव्हते. साडेतीनशेत माइक हेलवूडने २९७ सीसीच्या होंडावर बाकीच्यांना डोके वर काढू दिले नाही.

पाचशेचा मामला मात्र खरोखर चुरशीचा. हेलवूड आणि एमव्ही ऑगस्टावरील अ‍ॅगोस्टिनी यांचे विजय पाच-पाच, ग्राह्य गुणही ४६-४६, आणि अखेर दुसऱ्या क्रमांकांच्या मोजणीवर फैसला अ‍ॅगोस्टिनीच्या बाजूने. आइल ऑफ मॅनच्या सीनियर टीटीत हेलवूडच्या थ्रॉटलची मूठ सैल झाली, तेव्हा इंधनासाठी थांबल्यावर त्याने ती हातोडीने ठोकून बसवली आणि तो पुन्हा त्या साठ किलोमीटरच्या डोंगरी फेरीवर निघाला. पाचव्या फेरीत अ‍ॅगोस्टिनीची चेन तुटली. त्या शर्यतीतला हेलवूडचा ताशी १०८.७७ मैलांचा फेरीविक्रम १९७५ पर्यंत अबाधित राहिला. पण मोंझात जिंकत आलेली शर्यत गिअरबॉक्सने घालवली, आणि इंजिनाच्या ताकदीपुढे होंडाची चौकट वर्षभर वाकतच राहिली. तेव्हा हेलवूडचा खरा प्रतिस्पर्धी अ‍ॅगोस्टिनी होता की त्याची स्वतःचीच गाडी, हा प्रश्न उरतोच.

अडीचशेच्या वर्गात झगडा दोन तत्त्वांचा होता. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक. ही जन्मजात उणीव भरून काढण्यासाठी होंडाच्या अभियंत्यांनी अडीचशे सीसीचे सहा वाटे केले, प्रत्येक सिलिंडर जेमतेम एकेचाळीस सीसीचा, त्याला चार-चार व्हॉल्व्ह, आणि हा सारा सरंजाम मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांपर्यंत नेला. समोर यामाहाचे पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरचे टू-स्ट्रोक यंत्र आणि त्यावर फिल रीड व आयव्ही. तेरा शर्यतींत हेलवूडचे पाच विजय, रीडचे चार, आयव्ही व राल्फ ब्रायन्स यांचे दोन-दोन. हेलवूड व रीड यांचे ग्राह्य गुण सारखेच, ५०, आणि एका जादा विजयाने हेलवूड अजिंक्य. ज्यांना हे खेळणे वाटते, त्यांनी गंभीर गोष्ट कशाला म्हणावे, हे मला कोणी समजावून सांगावे.

पुढे १९६८ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच होंडाने माघार घेतली, १९७० पासून अडीचशेला दोन सिलिंडरांची मर्यादा लागू झाली, आणि २०१० साली हा वर्गच मोडीत काढून त्याच्या जागी ‘मोटो टू’ आला, ज्यात प्रत्येकाला एकाच कारखान्याचे एकाच जातीचे इंजिन: आरंभी होंडाचे, २०१९ पासून ट्रायम्फचे. २०२३ साली ही शर्यत ग्रेटर नोएडात झाली, तेव्हा दूरचित्रवाणीवर मी डोळे मिटून ऐकत होतो. पुढून कोण गेला आणि मागून कोण आला, हे आवाजावरून ओळखण्याची सोयच नव्हती. खर्चाला आळा बसतो आणि स्वाराचा कस लागतो, असे नव्या मताचे समर्थन आहे. खर्चाचे मान्य, पण हेलवूड आणि रीड यांचा कस त्या विषम यंत्रांवर कमी लागला, असे सदुसष्टचे गुणपत्रक वाचून कोणी म्हणू धजेल, असे मला वाटत नाही. सर्वांच्या हाती एकच शस्त्र दिल्याने तलवारबाज फार तर ओळखता येईल. लोहाराची विद्या मात्र बुडते, आणि शर्यत ही त्या दोघांचीही होती.