दाखला की हातोटी?



मुंबईहून सुरतेकडे येताना सचीन मागे पडले की भेस्तानचे लहानसे स्थानक लागते आणि त्यानंतर उधना. उधन्याहून एक फाटा नंदुरबार, अमळनेर करीत जळगावास जातो. त्याच वाटेने खानदेशातील कितीतरी कुटुंबे सुरतेच्या मागांवर कामास आली व भेस्तान, पांडेसरा, उधना या भागांत स्थिरावली. बापाने माग चालविला. मुलाच्या मनात मात्र संगणकाचे काम आहे. अशा घरांतून आज एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. नेटवर्क इंजिनीअर व्हावयाचे तर आधी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे, की मिळेल त्या दुकानात राहून काम शिकावे? कारखान्याच्या मालकापुढेही हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने उभा असतो. दाखला असलेल्यास ठेवावे, की हात बसलेल्यास? आज या प्रश्नाचा थोडा विचार करू.

प्रथम हे काम काय आहे ते पाहू. कारखान्यातील हिशेबाचे संगणक, हजेरीचे यंत्र, फाटकावरील कॅमेरे ही सर्व तारांनी एका पेटीस जोडलेली असतात. तिला स्विच म्हणतात. स्विचपासून राऊटरकडे आणि राऊटरपासून बाहेरच्या जगाकडे अशी ही वाट असते. २०१८ पासून ई-वे बिल आले. ठरावीक किमतीवरील माल बाहेर काढावयाचा तर हे बिल इंटरनेटवरून तयार करावे लागते. जाळे बंद पडले की कापडाने भरलेला टेंपो फाटकाशी खोळंबतो. तेव्हा जाळे सांभाळणारा माणूस निवडणे ही मालकाच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट राहिलेली नाही.

आता दाखल्याची बाजू घेऊ. या क्षेत्रातील सर्वांत परिचित दाखला म्हणजे सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा. ती १९९८ मध्ये सुरू झाली. दाखल्याची मुदत तीन वर्षांची असते. त्यानंतर त्याचे नूतनीकरण करावे लागते. परीक्षेची फी अमेरिकन डॉलरमध्ये आकारली जाते व ती मागावरच्या कामगाराच्या घराला जड जाते. मग तिच्यात आहे तरी काय? तिच्यात आहे विषयाची सुसंगत मांडणी. एखादी गोष्ट अशी का घडते, हे ती शिकविते.

एक उदाहरण घ्या. सफाई करताना कोणी एक सुटे टोक पाहतो आणि ते स्विचच्या मोकळ्या खाचेत बसवितो. त्या तारेचे दुसरे टोकही त्याच स्विचमध्ये असते. क्षणार्धात सारे कार्यालय ठप्प होते. का बरे? काही संदेश सर्वांसाठी असतात. असा संदेश आला की स्विच तो ज्या खाचेतून आला ती सोडून बाकी सर्व खाचांतून पुढे पाठवितो. तार वर्तुळाकार झाली की तोच संदेश फिरून परत येतो, त्याच्या नकला निघतात, त्या पुन्हा फिरतात. राऊटरवरून जाणाऱ्या संदेशास आयुष्याची मर्यादा घातलेली असते. प्रत्येक टप्प्यावर एक आकडा कमी होतो आणि शून्यावर संदेश नष्ट होतो. स्विचमधल्या चौकटीत असा आकडाच नाही. म्हणून ही भोवऱ्यासारखी गती आपोआप थांबत नाही. १९८५ मध्ये राडिया पर्लमन या विदुषीने यावर उपाय काढला. स्विचांनी आपसांत बोलून वर्तुळातील एक वाट बंद ठेवावी, असा तो उपाय आहे. परंतु स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. ज्याने हे तत्त्व शिकलेले असते, त्याचा संशय लगेच वर्तुळाकडे जातो.

आता अनुभवाची बाजू पाहू. तांब्याच्या तारेची एक लांबी १०० मीटरपेक्षा अधिक असू नये, हे पुस्तकात लिहिलेले असते. परंतु वॉटरजेट मागांच्या शेडमध्ये दमटपणाने जोडाची टोके हिरवी पडतात, मोटारीच्या जाड वायरीला लागून नेलेली तार मोटार सुरू होताच गोंधळ घालते, आणि दुपारी पाळी बदलताना नेमका दोष येतो तो यामुळेच, हे ज्याने शिडीवर चढून तार हाती धरली आहे त्यालाच चटकन उमगते. कोणता दोष आधी शोधावा आणि कोणता मागाहून, घाबरलेल्या मुनिमास काय सांगावे, चालू पाळीत कशास हात लावू नये, ही जाण परीक्षेच्या खोलीत येत नाही.

तर मग दोन्हींतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. प्रश्नसंच घोकून परीक्षा पास होणारे उमेदवार आहेत. अशांच्या हाती दाखला असतो, पण तारेला टोक बसवावयास सांगितले की हात थरथरतो. उलट दहा वर्षे काम केलेला एखादा कारागीर प्रत्येक दोषावर एकच उपाय जाणतो: पेटी बंद करा आणि पुन्हा चालू करा. पेटी चालू होते, दोष तसाच राहतो. त्याच्या गाठी वर्षे जमली. ज्ञान मात्र पहिल्या वर्षाचेच राहिले.

दाखल्याचे महत्त्व कमी लेखणारे कित्येकदा लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेतात. त्यांच्याजवळ अभियंत्याची पदवी नव्हती, आणि तरीही १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, हे खरेच आहे. परंतु त्यापूर्वी त्यांनी यंत्रांचे रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिकविले होते, हे मात्र आपण विसरतो. पदवी नसली तरी शिस्तबद्ध शिक्षण होते. हाताच्या कामास बुद्धीची जोड होती.

ही जोड परीक्षेतही साधता येते. सिस्को कंपनीने १९९३ मध्ये सीसीआयई नावाची वरच्या दर्जाची परीक्षा सुरू केली. आरंभी तिची प्रात्यक्षिक परीक्षा दोन दिवसांची असे. उमेदवाराने स्वतः जाळे उभारावयाचे. मग परीक्षकांनी त्यात मुद्दाम बिघाड करावयाचे आणि उमेदवाराने ते शोधावयाचे. पुढे २००१ मध्ये ही परीक्षा एका दिवसावर आली. परंतु तिच्यातील कल्पना मोलाची आहे. ज्ञान किती पाठ आहे हे न विचारता, बिघडलेले काम पुढे ठेवून ते कसे सुधारतोस हे तिने विचारले.

आपल्या शेजारच्या रंगाईच्या कारखान्यांतही अशीच रीत जुनी आहे. बॉयलर चालविणाऱ्यास प्रमाणपत्र लागते आणि त्या परीक्षेस बसण्याआधी ठरावीक काळ बॉयलरवर काम केलेले असावे लागते. बॉयलर फुटला तर माणसे मरतात, म्हणून कायद्याने दाखला व अनुभव यांची फारकत होऊ दिली नाही.

येथे प्रश्नाचे मर्म येते. आम्हांस अनुभवीच माणूस हवा, असे मालक म्हणतो, तेव्हा हा पहिला अनुभव कोठून यावा, हे तो सांगत नाही. बहुधा तो ओळखीतून येतो. ज्याचा मामा संगणकाच्या दुकानात आहे, त्याला शिडी धरावयास मिळते. मागावर काम करणाऱ्याच्या मुलास असा मामा नसतो. मुलीला तर दुकानदार शिडीवर चढूच देत नाही. अशांसाठी दाखला हे ओळखीवाचून उघडणारे एकमेव दार असते. म्हणून केवळ दाखला मागणे हा जसा हातोटी असलेल्यावर अन्याय, तसाच केवळ अनुभव मागणे हा वाट न मिळालेल्यावर अन्याय होय.

यावर कायद्याने एक वाट काढून ठेवली आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने उमेदवारास कामावरच शिक्षण, विद्यावेतन आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय केली. २०१९ च्या नियमबदलाने ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. ४ ते २९ माणसे असलेल्यांस ते ऐच्छिक राहिले. कागदावरची ही सोय कारखान्यात प्रत्यक्ष येईल, तर दाखला आणि अनुभव हे दोन्ही एकाच हातात येतील.

मालकांनी मुलाखतीस काय करावे? दाखला पाहावा, पण तेथेच थांबू नये. एक स्विच, तारा आणि दोन संगणक टेबलावर ठेवावे. एका तारेचा जोड सैल करावा, दोन संगणकांस एकच पत्ता द्यावा, आणि अर्धा तास उमेदवारास एकटे सोडावे. दोष सापडला की नाही यापेक्षा तो कसा शोधला याकडे लक्ष द्यावे. आधी काय तपासलेस, आणि का, हे विचारावे. उत्तर देणाऱ्याजवळ दाखला असो वा नसो, त्याची योग्यता तेथेच दिसेल. ज्याजवळ समज आहे पण सराव नाही, त्यास सहा महिने अनुभवी माणसाच्या हाताखाली ठेवावे. ज्याजवळ सराव आहे पण दाखला नाही, त्याची परीक्षेची फी मालकानेच भरावी. एका दिवसाच्या खोळंब्याच्या मानाने ती फार नाही.

आणि मुलांच्या आईबापांनी एवढे ध्यानात ठेवावे. फी भरण्यापूर्वी वर्गात जाऊन पाहावे की तेथे मुलांच्या हाती खरे स्विच, खऱ्या तारा येतात की नुसती प्रश्नपत्रिका. हाताला काम न देणाऱ्या वर्गाला बापाच्या घामाचा पैसा देऊ नये. दाखला मुलाला दारापर्यंत नेईल. आत टिकणे मात्र त्याच्या हातावर आणि त्या हातामागच्या समजेवर राहील.