गामा विरुद्ध सदगीर : कुस्ती लावायची कुठे?

गावच्या जत्रेतल्या हगाम्याला गेलात की म्हाताऱ्या पैलवानांच्या घोळक्याजवळ जाऊन बसा. थोड्या वेळात कुणीतरी म्हणणारच, "आताच्या पोरांत दम नाही. आमच्या वेळचे गडी पाहिजे होते!" आणि शेजारची पोरं हळूच कुजबुजणार, "तुमच्या वेळच्यांना आज गादीवर उभं करा, मग बघू."

चला, हे भांडण आपण कागदावर लढवून बघू या. या बाजूला आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावचा हर्षवर्धन सदगीर. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत त्याने महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा जिंकली. त्या बाजूला गामा पैलवान. जन्म १८७८ च्या सुमाराचा आणि नाव सगळ्या जगात गाजलेलं. शड्डू ठोकला, सलामी झाली. आता बोला, कोण जिंकणार?

थांबा, घाई नको. असा खेळ अमेरिकेत एकदा मांडून झालाय. मरी वोरोनर नावाच्या गृहस्थाने १९६७ मध्ये वेगवेगळ्या काळातल्या सोळा हेवीवेट बॉक्सिंग विजेत्यांची माहिती कॉम्प्युटरला खाऊ घातली. कुणाचा ठोसा किती जोराचा, कोण किती चपळ, कोण किती मार सोसतो, हे सगळं जाणकारांना विचारून. मग कॉम्प्युटरने सांगितलेल्या लढतींचं धावतं वर्णन रेडिओवर व्हायचं. त्यात मुहम्मद अली जिम जेफ्रीजकडून हरला. जेफ्रीज कधीचा? तर १८९९ ते १९०५ या काळातला विजेता! अली इतका चिडला की थेट कोर्टात गेला.

पुढे त्याच अलीला आणि निवृत्त झालेल्या रॉकी मार्सियानोला १९६९ मध्ये कॅमेऱ्यासमोर खोटंखोटं लढवलं गेलं. शेवट एक नाही, बरेच चित्रित केले. खरा कुठला, हे दोघांनाही सांगितलं नव्हतं. जानेवारी १९७० मध्ये सिनेमा लागला आणि पडद्यावर तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. पण ते बघायला तो जिवंत नव्हता. आदल्याच ऑगस्टमध्ये विमान अपघातात तो गेला होता.

मला विचाराल तर त्या कॉम्प्युटरला फारसं काही कळलं नव्हतं. जाणकारांची मतं त्याच्या पोटात गेली, तीच बेरीज होऊन बाहेर आली.

आपल्याकडे मात्र याहून भारी पुरावा आहे, तोही खऱ्या कुस्तीचा. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा धिप्पाड मल्ल झिबिस्को यांची लढत लागली. अडीच तासांहून जास्त चालली आणि बरोबरीत सुटली. मग १९२८ मध्ये पतियाळाला तेच दोघे पुन्हा भिडले. दोघेही पन्नाशीच्या आसपास. या वेळी गामाने झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत चितपट केलं! माणसं तीच, मग निकाल इतका वेगळा कसा?

लंडनला कुस्ती मॅटवर होती. झिबिस्को बराच वेळ तव्याला चिकटलेल्या भाकरीसारखा पालथा पडून राहिला. यामागे साधं विज्ञान आहे. अंग जितकं पसरट आणि जमिनीलगत, तितका गुरुत्वमध्य खाली आणि आधार रुंद. अशा जड माणसाला उलथवणं महाकठीण. पतियाळाला होता मातीचा आखाडा, म्हणजे गामाचं घरच. तिथे झिबिस्कोला पालथं पडायलाही उसंत मिळाली नाही.

आणि नियम? आज कुणी असा पडून राहिला तर पंच आधी ताकीद देतात. मग तीस सेकंदांत गुण मिळवला नाही तर समोरच्याला एक गुण. म्हणजे आजच्या नियमांनी गामा लंडनलाच गुणांवर जिंकला असता, आणि तेही सहा मिनिटांत!

आता दमाचं बघू. आपल्या स्नायूंना ताकद तीन वाटांनी मिळते. पहिली वाट एकदम झटक्याची, पण साधारण दहा सेकंदांत संपणारी. दुसरी एक-दोन मिनिटं जोरात चालते आणि मग अंग भरून येतं. तिसरी सावकाश, श्वासातल्या ऑक्सिजनवर चालणारी, पण तासन् तास पुरणारी. गामा रोज पाच हजार बैठका मारायचा असं सांगतात. सांगणाऱ्यांनी मीठमसाला लावलाही असेल, पण गणित करून बघा. एका बैठकीला दोन सेकंद धरले तर दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तास! अंगाची तिसरी वाट अशी घासूनपुसून तयार असेल, तर अडीच तासांची लढत जड कशाला जाईल?

सदगीरची लढाई वेगळी. तीन मिनिटं, अर्ध्या मिनिटाची विश्रांती, पुन्हा तीन मिनिटं. इथे पहिल्या दोन वाटा कामाला येतात : झपकन पट काढायचा, दोन गुण घ्यायचे, समोरच्याला रेषेबाहेर ढकलून एक गुण घ्यायचा. मातीतून आलेला शैलेश शेळके आणि गादीवरून आलेला हर्षवर्धन यांचा महाराष्ट्र केसरीचा अंतिम सामना ३-२ असा सुटला. दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे. निकालानंतर हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं होतं. पण १९१० चे नियम असते, तर ३-२ ला काहीच किंमत नव्हती. पाठ लागेपर्यंत कुस्ती चालूच राहिली असती!

म्हणून माझा निकाल असा : अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात गादी टाकून सहा मिनिटांचं घड्याळ लावलं, तर मी सदगीरवर पैज लावेन. पण अकोल्याकडच्या एखाद्या हगाम्यात, लाल मातीत, घड्याळ बाजूला ठेवून निकाली कुस्ती लावली, तर गामा. उन्हं कलेपर्यंत तो खडाखडी करेल, समोरच्याचा दम मोजत राहील आणि मग एकच डाव टाकेल.

पटलं नाही? मग पंच तुम्हीच नेमा. फक्त एक लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरी झाली. पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्या कुस्तीत राक्षेचे खांदे टेकले की नाही, यावरून केवढा गदारोळ झाला! दोन्ही पैलवान समोर, पंच समोर, कॅमेरे चालू, हजारो लोक बघतायत, तरी एकमत नाही. गामा-सदगीर कुस्तीला पंच व्हायला तयार असाल, तर आधी शिट्टी घ्या आणि नियमांचं पुस्तक कुठल्या सालचं आणणार ते कळवा.