प्रौढ कुत्र्यांना दरवर्षी लस हवी का?

पिल्लूपणी सर्व लशी टोचल्यावर प्रौढ कुत्र्याला दरवर्षी पुन्हा लस कशासाठी, असा प्रश्न अनेक श्वानपालकांना पडतो. त्याचे उत्तर प्रत्येक लशीनुसार वेगळे आहे.

डिस्टेंपर, पार्व्हो आणि ॲडिनोव्हायरस यांच्या लशींत क्षीण केलेले जिवंत विषाणू असल्याने त्यांची प्रतिकारशक्ती अनेक वर्षे टिकते. सुरुवातीचे डोस पूर्ण झाले असतील, तर प्रौढ कुत्र्याला या लशी तीन वर्षांतून एकदापेक्षा अधिक वेळा देण्याची गरज नाही, असे जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शंका असल्यास रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी करता येते.

लेप्टोस्पायरोसिसच्या लशीचे संरक्षण मात्र साधारण वर्षभरच टिकते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग पसरत असल्याने मुंबई-कोकणात पावसाळ्यापूर्वी वार्षिक डोस घेणे हिताचे ठरते.

रेबीजबाबत हयगय नकोच. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग कुत्रा आणि माणूस दोघांनाही जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. भारतात ही लस सामान्यतः दरवर्षी टोचली जाते.

अनेकदा या लशी एकत्रित स्वरूपात दिल्या जातात. म्हणून लसीकरणाची पुस्तिका सोबत नेऊन प्रत्येक लशीची पुढील तारीख पशुवैद्यकांकडून स्वतंत्रपणे ठरवून घ्यावी.