फोनवर ‘मी’ कोण? कर्णबधिरांच्या रिले कॉलमध्ये ओळख आणि गुप्ततेचं काय होतं?

बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला की एक प्रश्न हमखास येतो: “मी खातेदाराशीच बोलतेय ना?” ऐकू येणारा माणूस ‘हो’ म्हणून पुढे जातो. पण समजा, नाशिकमध्ये सातपूरच्या एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या कर्णबधिर तरुणाचं एटीएम कार्ड हरवलं आहे. त्याच्या वतीने भाऊ बोलला, तर बँक म्हणते खातेदाराला फोन द्या. आणि फोन खातेदाराच्या हातात दिला, तर पुढे काय?

जगात अनेक देशांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे टेलिफोन रिले सेवा. यात कर्णबधिर व्यक्ती आणि समोरचा माणूस यांच्या मध्ये एक प्रशिक्षित दुभाषा असतो. पूर्वी हे टाइप करून चालायचं, आता बहुतेक वेळा व्हिडिओवर चालतं. तरुण मोबाइलवर दुभाष्याला व्हिडिओ कॉल करतो आणि सांकेतिक भाषेत बोलतो. दुभाषा त्याच वेळी बँकेला साधा फोन लावतो आणि तेच शब्दांत सांगतो. बँकेचं उत्तर हातांच्या खुणांनी परत तरुणापर्यंत पोहोचतं.

२०११च्या जनगणनेनुसार देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक आहेत. महाराष्ट्रात हा आकडा पावणेपाच लाखांच्या आसपास आहे.

दुभाषा ‘तो म्हणतोय’ असं म्हणत नाही

रिले कॉलमध्ये दुभाषा स्वतःचं काही बोलत नाही. समोरच्याने जे सांगितलं ते तसंच्या तसं, प्रथमपुरुषात बोलायचं, हा या कामाचा पाया आहे. “त्यांचं कार्ड हरवलंय” नाही, तर “माझं कार्ड हरवलंय”.

इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत मात्र क्रियापदच माणूस उघडा पाडतं. दुभाषी बाई असेल आणि बोलणारा पुरुष असेल, तर बाईच्या आवाजात “मी पिन विसरलो” असं वाक्य जातं. फोनच्या पलीकडचा कर्मचारी दचकतो. नाव पुरुषाचं, आवाज बाईचा, नंबर अनोळखी. सायबर फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाने असा फोन कट केला, तर त्याला फार दोषही देता येत नाही. फुकट जातो तो खऱ्या खातेदाराचा वेळ.

म्हणून अनेक ठिकाणी दुभाषा सुरुवातीलाच सांगतो की हा रिले कॉल आहे. पण यालाही दुसरी बाजू आहे. नोकरीसाठी किंवा भाड्याच्या खोलीसाठी फोन करणाऱ्याला आपण कर्णबधिर आहोत हे पहिल्या वाक्यात जाहीर करायचं नसेल तर? ते कधी सांगायचं, हे त्याचं त्याने ठरवायला हवं.

स्क्रीनवर नाव कुणाचं?

कॉल करणाऱ्याचं नाव समोरच्याच्या मोबाइलवर आपोआप दिसावं, अशी शिफारस दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २३ फेब्रुवारी २०२४ रोजी केली. सिम घेताना फॉर्मवर जे नाव दिलं, ते दिसणार. फसवे कॉल ओळखायला याचा उपयोग आहे. पण अनेक घरांत कर्णबधिर मुलाचं सिम वडिलांच्या नाहीतर भावाच्या नावावर असतं, मग नाव त्यांचं दिसेल. कॉल रिले केंद्रातून गेला, तर केंद्र चालवणाऱ्या कंपनीचं. ज्याचा फोन आहे, त्याचं नाव दोन्हीकडे नाही.

अमेरिकेत हा प्रश्न नियमात लिहून सोडवलेला आहे. रिले केंद्राचा नंबर, ७११ हा रिलेसाठी राखीव क्रमांक, किंवा वापरणाऱ्याचा स्वतःचा दहा आकडी नंबर, यांपैकी किमान एक समोरच्याला दिसलाच पाहिजे. व्हिडिओ रिले वापरणाऱ्यांना असे स्वतःचे नंबर देण्याचा निर्णय तिथे २००८मध्ये झाला. जपानमध्ये १ जुलै २०२१ला सार्वजनिक रिले सेवा सुरू झाली, तिथेही नोंदणी केलेल्याला ०५०ने सुरू होणारा नंबर मिळतो. त्यावर कुणीही उलट फोन करू शकतं.

हा फक्त मानाचा प्रश्न नाही. नाशिकमधून ११२ लावला, की तो फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जातो. ही केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला आहेत. आता समजा, दुभाषा दिल्लीत बसलाय आणि त्याने आपल्या फोनवरून ११२ लावला. तो लागणार दिल्लीच्या कक्षाला! आग लागलीय पंचवटीत आणि लोकेशन दिसतंय दिल्लीचं. अमेरिकेत दहा आकडी नंबरांसोबत वापरणाऱ्याचा पत्ता नोंदवून घेतला गेला, तो यासाठीच. आपल्याकडे सध्या ‘११२ इंडिया’ ॲप मोबाइलमध्ये असणं त्यातल्या त्यात उपयोगाचं, कारण त्यातून लोकेशनसह मदत मागता येते.

मधल्या माणसाने ऐकलं, त्याचं काय?

हा खरा नाजूक भाग आहे. आजवर कर्णबधिरांचे फोन केले कुणी? आईने, बहिणीने, शाळकरी मुलाने, शेजारच्या काकांनी. आईच्या तपासणीचा रिपोर्ट डॉक्टरांकडून दहावीतली मुलगी ऐकते. नवऱ्याने थकवलेल्या हप्त्यांचा तगादा मेव्हण्याला कळतो. वकिलाशी घटस्फोटाबद्दल बोलायचं, तर मध्ये सासरचंच कुणी. अशा घरांमध्ये ‘खासगी फोन’ ही गोष्टच नसते. त्यापेक्षा ज्याला तुमचं घर माहीत नाही, असा परका दुभाषा बरा. फक्त त्याने तोंड बंद ठेवण्याची हमी हवी.

अमेरिकेने ही हमी १९९०च्या अपंगत्व कायद्यातच दिली. रिले कर्मचाऱ्याने संभाषणातला मजकूर कुणालाही सांगायचा नाही आणि कॉल संपल्यावर त्याची नोंद ठेवायची नाही.

या कडक नियमाची किंमतही मोजावी लागली. इंटरनेटवरून रिले कॉल करता येऊ लागल्यावर भामट्यांनी ती वाट धरली. परदेशात बसायचं, कर्णबधिर असल्याचं भासवायचं, टाइप करून अमेरिकन दुकानदाराला ऑर्डर द्यायची आणि पैसे चोरलेल्या क्रेडिट कार्डावरून. मधल्या कर्मचाऱ्याला फसवणूक दिसायची, पण दुकानदाराला सावध करणं नियमात बसत नव्हतं. फसलेले दुकानदार मग रिले कॉल दिसला की कट करू लागले आणि नुकसान झालं खऱ्या कर्णबधिर ग्राहकांचं. २०१२मध्ये तिथल्या न्याय विभागाने ‘एटी अँड टी’ला कोर्टात खेचलं. वापरणाऱ्यांची नीट पडताळणी न करता मिनिटाला सुमारे १.३० डॉलर सरकारी परतावा घेतल्याचा आरोप होता. त्याच वर्षी नोंदणी तपासल्याशिवाय ‘पाहुणा’ म्हणून कॉल करू देण्यावर नियामकाने बंदी आणली.

त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. सेवा वापरणारा कोण, हे केंद्राने आधी एकदा पक्कं तपासायचं. नंतर तो काय बोलतो, त्यात डोकवायचं नाही.

भारतात कायदा काय म्हणतो?

गंमत म्हणजे, दुभाष्याने गुप्तता पाळावी हा विचार आपल्या कायद्यात १८७२पासून आहे. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं उघड करायचं नाही, हे बंधन त्या वेळच्या पुरावा कायद्याने वकिलाच्या दुभाष्यालाही घातलं होतं. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. पण ते वकिलाच्या कामापुरतं. बँकेचा, दवाखान्याचा फोन जोडून देणाऱ्या दुभाष्यासाठी असं स्पष्ट कलम नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती आणि संपर्क साधनं सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२३चा डेटा संरक्षण कायदा कंपनीने गोळा केलेल्या वैयक्तिक माहितीला लागू होतो. दुभाष्याने कानांनी ऐकलेल्या गोष्टीबद्दल त्यात वेगळं काही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या केवायसीचं होतं. तोच धागा फोनच्या पडताळणीपर्यंत नेता येईल.

सगळ्यात मोठा पेच ओटीपीचा. “ओटीपी कुणालाही सांगू नका” हे आपल्याला पाठ झालंय. रिले कॉलवर मात्र बँकेने विचारलेला प्रत्येक आकडा दुभाष्याच्या तोंडून जातो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने पासवर्डसारखी माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचाच. मग दुभाषा हा ‘दुसरा’ धरायचा की टेलिफोनच्या तारेसारखा फक्त मार्ग? परिपत्रकाने याचा विचार केलेला नाही. तो व्हायला हवा, कारण फसवणूक झाल्यावर पैसे कुणाचे बुडणार हे यावरच ठरेल.

तोवर रिले वापरणाऱ्यांनी ओटीपी आणि पिन खुणांनी सांगायचं टाळावं आणि ते आकडे बँकेच्या ॲपमध्ये स्वतः टाकावेत. कॉल रेकॉर्ड होतो का, हे आधी विचारून घ्यावं. सिम स्वतःच्या नावावर करून घ्यावं. पैसे गेलेच, तर १९३० ही हेल्पलाइन आवाजावर चालते, पण राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करता येते आणि त्यासाठी मध्ये कुणी लागत नाही.

आणि असा फोन तुम्हाला आला, तर? लगेच कट करू नका. उत्तर यायला दोन-चार सेकंद जास्त लागतील, तेवढं थांबा. शंका वाटली, तर नंबर घेऊन उलट फोन करा. बोलताना मात्र दुभाष्याला “त्यांना विचारा, कार्ड कधी हरवलं?” असं म्हणू नका. थेट विचारा: “तुमचं कार्ड कधी हरवलं?”